छोटी, परवडणारी गाडी पारखताना: नवी आणि वापरलेली

गाडी स्वस्त असली की तिची तपासणीही लोक घाईत उरकतात. एवढीशी गाडी, तिच्यात काय बघायचं, असा सूर असतो. मला हे अगदी उलटं वाटतं. गिअरबॉक्स गेला तर त्याचा खर्च छोट्या गाडीत निम्मा होत नाही. गाडीची किंमत मात्र कमी असते, त्यामुळे एकाच दुरुस्तीत तिच्या किमतीचा मोठा हिस्सा निघून जातो. महागड्या गाडीत चुकलं तर सावरायला जागा असते, इथे ती नसते. म्हणून परवडणारी गाडी घेणाऱ्यानेच सगळ्यात बारकाईने बघायला हवं.

इथे ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्या साधारण चार मीटर लांब, टनाच्या आसपास वजनाच्या आणि बहुधा १.० ते १.६ लिटर इंजिनाच्या. सुझुकी स्विफ्ट, टोयोटा यारिस, ह्युंदाई आय२०, फोक्सवॅगन पोलो, होंडा जॅझ ही त्यांतली ओळखीची नावं. नवी घेताना पारखायचा तो व्हेरिएंट (एकाच मॉडेलची कमी-जास्त सोयींची आवृत्ती), आणि जुनी घेताना पारखायची ती समोर उभी असलेली एकच गाडी. मॉडेलच्या नावावर विसंबून या दोन्हींपैकी काहीच कळत नाही.

आधी स्वतःचा वापर लिहून काढा

रोज किती किलोमीटर, त्यातले गर्दीतले किती आणि मोकळ्या रस्त्यावरचे किती, मागच्या सीटवर नेहमी कोण बसणार, गाडी किती वर्षं ठेवायची आहे, एवढं कागदावर मांडा. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणार असाल तर डिझेल नको. त्याच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम राहून चालावं लागतं. तेवढं अंतर मिळालं नाही की फिल्टर तुंबतो.

त्याच कागदावर इंधनाचं गणित करा. समजा वर्षाला १५,००० किलोमीटर होतात. लिटरला १८ देणारी गाडी ८३३ लिटर पिते आणि २० देणारी ७५०. म्हणजे फरक ८३ लिटरचा. याला तुमच्याकडच्या दराने गुणा आणि दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाशी ताडून पाहा. ॲव्हरेजच्या एखाद-दोन आकड्यांसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, ते वसूल व्हायला कित्येक वर्षं जातात. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला असतो हेही विसरू नका. युरोपात २०१७ पासून एनईडीसी या इंधनखर्चाच्या जुन्या चाचणीच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी येऊ लागली. ती वास्तवाच्या बरीच जवळ आहे, तरी तुमचा रस्ता तिला माहीत नसतो.

नवी की वापरलेली

गाडीची किंमत सगळ्यात वेगाने उतरते ती पहिल्या वर्षा-दोन वर्षांत. म्हणून दोन-तीन वर्षं वापरलेली, सर्व्हिसिंगची नोंद असलेली, एकाच मालकाची गाडी हा बहुतेकांसाठी चांगला सौदा असतो. पण छोट्या गाड्यांना मागणी असेल तर त्यांची किंमत फारशी उतरत नाही. तेव्हा तीच गाडी नवी घेतली तर किती आणि वापरलेली घेतली तर किती, हे दोन आकडे शेजारी मांडून बघा. फरक थोडाच असेल तर नवी घ्यावी: वॉरंटी पूर्ण मिळते, इतिहासाची चिंता राहत नाही आणि सुरक्षेची साधनंही अलीकडची असतात. फरक मोठा असेल तर वापरलेली घ्या, आणि वाचलेल्या पैशातला काही भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी महिन्याच्या हप्त्याकडे न पाहता एकूण किती रक्कम जाणार ते पाहावं. मुदत वाढवली की हप्ता हलका दिसतो, पण गाडी महाग पडते.

नवी गाडी: बेस मॉडेलचा कागद हातात घ्या

शोरूममध्ये उभी असते ती बहुतेक वेळा टॉप व्हेरिएंट. जाहिरातीत ठळक छापलेली किंमत असते बेस मॉडेलची. या दोन्हींमध्ये काय काय गळलं आहे ते ओळीने वाचा. छोट्या गाड्यांत खालच्या व्हेरिएंटमधून आधी जातं ते मागचा वायपर, मागच्या काचेचा डिफॉगर, ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करण्याची सोय आणि मधल्या प्रवाशाचं हेडरेस्ट. यांतलं बरंचसं नंतर बाहेरून बसवता येत नाही. मोठा टचस्क्रीन आणि अलॉय व्हील मात्र कधीही बसवता येतात. म्हणून पैसे टाकायचे तर जे नंतर बसवता येणार नाही त्यावर टाका.

सुरक्षा त्यात पहिली. एअरबॅग किती, ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) आहे का, पाचही सीटना तीन टोकांचे बेल्ट आहेत का, मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे आयसोफिक्स हुक आहेत का, हे त्याच व्हेरिएंटबद्दल विचारा. ईएससी नसलेली नवी गाडी मी कोणालाही सुचवणार नाही. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणते. हलक्या, आखूड गाडीला ती फार उपयोगाची.

क्रॅश टेस्टचे तारे वाचायलाही शिकून घ्यावं. तारे मिळतात ते ठरावीक वर्षी ठरावीक साधनांसह तपासलेल्या गाडीला. सगळ्यात बोलकं उदाहरण फियाट पुंटोचं आहे. या गाडीला युरो एनसीएपीने (गाड्या धडकवून त्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) २००५ मध्ये पाच तारे दिले होते. २०१७ मध्ये तीच रचना पुन्हा तपासली तेव्हा शून्य मिळाला. मधल्या काळात कसोटी कडक झाली आणि गाडी होती तिथेच राहिली. म्हणून ताऱ्यांसोबत चाचणीचं वर्ष बघा. आणखी एक गोष्ट. समोरून धडकेची चाचणी जवळपास सारख्या वजनाच्या गाड्यांची तुलना करायला असते. छोट्या गाडीचे पाच तारे आणि दोन टनांच्या गाडीचे पाच तारे सारखे धरू नयेत. ग्लोबल एनसीएपी या तशाच संस्थेच्या अहवालात बॉडीशेल (गाडीचा ढाचा) स्थिर की अस्थिर हेही लिहिलेलं असतं. तो एक शब्द मला ताऱ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण ढाचाच दबत असेल तर एअरबॅग एकटी पुरी पडत नाही.

गिअरबॉक्सचा निर्णय रंगाच्या निर्णयासारखा पटकन घेऊ नका. मॅन्युअल सगळ्यात साधा आणि दुरुस्तीला स्वस्त. एएमटी म्हणजे तोच मॅन्युअल. त्यात क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर करते. किंमत कमी, पण गिअर पडताना किंचित झोका बसतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्यांऐवजी सलग बदलत जाणारा गिअर, गर्दीत लोण्यासारखा चालतो, मात्र त्याचं ऑइल वेळेवर आणि नेमून दिलेलंच लागतं. टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी ऑइलमधून शक्ती पोचवणारा) ऑटोमॅटिक जुना आणि भरवशाचा. कोरड्या क्लचचा ड्युअल-क्लच (दोन क्लच आळीपाळीने वापरणारा ऑटोमॅटिक) गर्दीत रांगत चालवल्यावर तापतो. २०११ ते २०१६ च्या फोर्ड फिएस्टामधल्या अशा गिअरबॉक्सवरून अमेरिकेत ग्राहकांनी खटले भरले आणि कंपनीला समझोता करावा लागला. तीच फिएस्टा मॅन्युअलमध्ये घेतलेल्यांना हा त्रास नव्हता.

मग गाडीत बसा, आणि नीट वेळ घेऊन बसा. ड्रायव्हरची सीट स्वतःला हवी तशी लावा आणि उतरून तिच्याच मागे बसा. गुडघा टेकतो का, डोकं छताला लागतं का, पाऊल पुढच्या सीटखाली जातं का, बघा. डिकीचा लिटरमधला आकडा फसवा असतो. तुमची नेहमीची बॅग किंवा मुलाची ढकलगाडी सोबत नेऊन ठेवूनच पाहा. जॅझमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने मागच्या सीटची बैठक वर उचलता येते आणि उभी वस्तू मावते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांत अशी तफावत असू शकते. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर काढायचं किट, तेही डिकीचा तळ उचलून बघा.

चालवून बघताना विक्रेत्याने ठरवलेल्या गुळगुळीत चकरीवर समाधान मानू नका. खडबडीत रस्ता, चढ, मोकळा रस्ता आणि अडचणीत मागे घेणं, हे चारही व्हायला हवं. सगळ्या सीट भरून चढावर एसी लावलात की एक लिटरच्या इंजिनाचा खरा दम कळतो. ए-पिलर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) जाड असेल तर वळणावर पायी चालणारा माणूस त्याच्यामागे लपतो. हे फक्त चालवतानाच लक्षात येतं.

वापरलेली गाडी: आधी कागद

गाडी बघायला जाण्याआधी चासी नंबर मागवा. १९८१ पासून प्रचलित झालेल्या पद्धतीत तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. कागदावरचा, डॅशबोर्डच्या काचेखालचा आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर एकच हवा. ठोकलेल्या नंबराभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. याच नंबरावरून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) प्रलंबित आहे का तेही तपासता येतं. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणारा भाग) अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने खराब होऊन स्फोटात धातूचे तुकडे उडत होते. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि त्यांत छोट्या गाड्याही भरपूर होत्या. तो भाग बदलल्याचा पुरावा असल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये.

सर्व्हिसिंगच्या पावत्या तारखेने लावा आणि प्रत्येकीवरचे किलोमीटर वाचा. आकडा कुठे मागे गेला किंवा वर्षभर जागचा हलला नाही तर मीटर फिरवल्याची शंका घ्या. मग गाडीत बसून पॅडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, गिअरचा गोळा आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. मीटर ३०,००० म्हणत असेल आणि क्लच पॅडलच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील, तर खाचांवर विश्वास ठेवा.

बाहेरून

दिवसाउजेडी, कोरडी गाडी बघा. ओल्या पत्र्यावर पोचे दिसत नाहीत. पुढच्या कोपऱ्याशी वाकून गाडीच्या लांबीकडे तिरकं पाहिलं की सरळ रेषा कुठे लाटेसारखी हलते ते कळतं. बॉनेट, दारं आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन भरतो, आणि पुट्टी लावलेल्या जागी आकडा कित्येक पटींनी चढतो.

यंत्र नसलं तरी बोल्ट बोलतात. बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट जवळून बघा. कारखान्यात बोल्ट बसवल्यावर रंग दिला असेल तर त्याच्या कोपऱ्यांवर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो आणि खाली चकचकीत धातू दिसतो. एका बाजूच्या बोल्टांवर रंग अखंड आणि दुसऱ्या बाजूच्यांवर उडालेला असेल तर त्या दुसऱ्या बाजूला काही तरी झालेलं आहे. फेंडर बदलणं म्हणजे गंभीर अपघात नव्हे. त्याच्या आतली चासीची लांब पट्टी सुरकुतलेली किंवा नव्याने वेल्ड केलेली दिसली तर मात्र गाडी सोडून द्या. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खळगाही असाच बघा. मागून बसलेली ठोकर तिथे लपत नाही.

टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांपाशी शेवटी चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. खाच शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच असतो, आणि सहा वर्षांनंतर त्याकडे संशयाने बघावं. १.६ मिलिमीटर ही अनेक देशांत खाचेची किमान कायदेशीर खोली आहे. ओल्या रस्त्यावर त्याआधीच पकड सुटू लागते. टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलेली किंवा सस्पेन्शन वाकलेलं. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवून चालवलेली. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त.

इंजिन गार असतानाच बघायचं

फोनवरच सांगून ठेवा की गाडी आधी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा, कारण चालू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांतच इंजिन स्वतःबद्दल सगळ्यात जास्त सांगतं. टायमिंग चेन (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) सैल असेल तर तिचा खडखडाट तेव्हाच येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत शिरतंय. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ वेगळी, ती विरून जाते. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे जास्त इंधन जातंय.

चालू करण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) आणि कूलंटची टाकी बघून घ्या. ऑइल काळं असणं हा दोष नाही. पातळी किमान खुणेच्याही खाली असणं हा दोष आहे, आणि तो मालकाच्या सवयीबद्दल बरंच सांगतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय नुसत्या छोट्या फेऱ्यांमुळेही साचते. पण डिपस्टिकवरही ती असेल किंवा कूलंटवर तेलकट तवंग असेल तर हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेल्याची शंका घ्या.

टायमिंग बेल्ट (त्याच कामाचा पट्टा) की चेन, हे त्या इंजिनापुरतं शोधून ठेवा. बेल्ट असेल तर कंपनीने दिलेला किलोमीटरचा किंवा वर्षांचा आकडा, यांतला जो आधी भरेल तो धरायचा. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं समजून भाव करा. काही छोट्या इंजिनांत हा बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजतच फिरतो. प्युजो आणि सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक आणि फोर्डचं १.० इकोबूस्ट अनेक वर्षं असं बनत होतं. चुकीचं किंवा जुनं ऑइल राहिलं की बेल्टचे कण सुटून ऑइल खेचणारी जाळी तुंबवतात, आणि मग पूर्ण इंजिन धोक्यात येतं. अशा गाडीत ऑइलची प्रत्येक पावती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्यात बुडालेली गाडी

धुऊन, अत्तर मारून अशा गाड्या बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची आडवी रेघ किंवा बुरशी असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सीटखालचे रूळ, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि हेडलाइटच्या आतला भाग गंजासाठी बघा. अशी गाडी कितीही कमी किमतीत नको. वायरिंगचे जोड आतून हळूहळू सडत राहतात आणि दोष दरवेळी नव्या ठिकाणी उगवतो.

चालवून बघा

रेडिओ बंद, काचा आधी खाली आणि मग वर. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाला शक्ती पोचवणारा वळता सांधा) संपत आलाय. सपाट, सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा. गाडी एका बाजूला ओढते का, ते कळेल. मागे कोणी नाही हे बघून जोरात ब्रेक लावा. पॅडल थरथरलं तर डिस्क बिघडलेली असू शकते, गाडी वाकडी झाली तर एका चाकाचा ब्रेक अडकतोय. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक असेल तर ती पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, कारण बरेच झटके तापल्यावरच सुरू होतात. परत आल्यावर एसी लावून दहा मिनिटं गाडी उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघत राहा.

ओबीडी-टू स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) ही आता कोणालाही परवडणारी वस्तू आहे. नुसता एरर कोड नाही म्हणून खूश होऊ नका. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाची यादी असते. कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल तर यादीतल्या बऱ्याच तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. बघायला येणाऱ्याच्या आधी कोणी डॅशबोर्डवरचा दिवा विझवून ठेवला असेल तर तो इथे सापडतो. अशा वेळी गाडी आणखी काही दिवस चालू द्या आणि पुन्हा तपासा. विक्रेता नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

हे सगळं ठीक निघालं तरी पैसे देण्याआधी गाडी स्वतःच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको. खालून ऑइलची गळती, सीव्ही जॉइंटचे फाटलेले बूट (रबरी आवरणं), सस्पेन्शनची सैल बुशिंग (रबरी जोड) आणि चासीला लागलेला गंज दिसतो. त्याच्याकडून दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या. भाव करताना ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा टायर, बेल्ट, ब्रेक अशी यादी समोर ठेवली की बोलणं सोपं जातं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

वापरलेल्या गाडीत इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. कूलंटचं वय माहीत नसेल तर तेही बदला, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच भरा. इंजिन काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. नव्या गाडीत ताबा घेण्याआधी टायरच्या तारखा, काचांवरचे नंबर, रंगाचे डाग आणि चासी नंबर याच पद्धतीने तपासा, कारण नवी गाडीही वाहतुकीत ठोकर खाऊन दुरुस्त झालेली असू शकते. मग एक वही घाला. टाकी काठोकाठ भरली की मीटरचा आकडा आणि लिटर लिहा, पुढच्या खेपेला पुन्हा तसंच करा. काही टाक्या झाल्या की गाडीचं नेहमीचं ॲव्हरेज ठरतं, आणि पुढे कधी ते विनाकारण घसरलं तर इंजिन, टायर किंवा अडकलेला ब्रेक यांकडे लगेच बघता येतं.